शेवटचा पंप स्वच्छ पाण्याचा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गेल्या अर्धशतकात या पाळण्याला नवी भूषणे लाभली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पोलादाचे कारखाने, मोसंबीच्या बागा, कडवंचीची शेततळी व द्राक्षे, भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार ही सारी जिल्ह्याची अभिमानस्थळे होत. मात्र या कापसामागे, मिरचीमागे आणि द्राक्षांमागे उभ्या असलेल्या एका वस्तूचे नाव या यादीत कधीच येत नाही. ती वस्तू म्हणजे माणसाच्या पाठीवर बसणारा, पंधरा-सोळा लिटरांचा, साधा फवारणी पंप.

या पंपाविषयी जे काही बोलले वा लिहिले जाते ते बहुधा उपदेशाच्या सुरात असते. शेतकरी अडाणी आहे, मजूर निष्काळजी आहे, हातमोजे दिले तरी तो घालीत नाही, बाटलीवरील सूचना कोणी वाचीत नाही, असा एकूण आक्षेप असतो. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हे निदान पुरेसे वाटत नाही. माणूस जाणूनबुजून धोका पत्करतो तेव्हा त्यामागे अज्ञानापेक्षा हिशेब असण्याचा संभव अधिक असतो. पंप नीट चालवणे आणि वापरानंतर तो धुणे हे एक काम आहे. त्याला वेळ लागतो, पाणी लागते, थोडाफार पैसा लागतो. परंतु हे काम मालकाच्या, मजुराच्या वा शासनाच्या अशा कोणाच्याच हिशेबात धरलेले नाही. आणि जे काम हिशेबात नाही ते होत नाही, हा सर्वत्र दिसणारा व्यवहाराचा नियम आहे.

यवतमाळचा धडा

२०१७ सालच्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते महाराष्ट्राने विसरता कामा नये. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कित्येकांची दृष्टी काही काळ अधू झाली. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या वेळी झालेल्या चर्चेत अनेक कारणे पुढे आली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली पिकावर पडण्याऐवजी तोंडावर येत होता. हवा दमट व उष्ण होती. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. बॅटरीवर वा इंधनावर चालणाऱ्या नव्या पंपांतून अतिशय बारीक थेंबांचे धुके निघत होते आणि ते श्वासावाटे आत जात होते. फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र रोजचाच सदरा होता.

यांपैकी कोणते कारण यवतमाळपुरते मर्यादित आहे? कपाशी हे जालना जिल्ह्याचेही प्रमुख खरीप पीक आहे. २००२ साली देशात बीटी कपाशीच्या लागवडीला परवानगी मिळाली तेव्हा फवारणीच्या जाचातून आता सुटका झाली, अशी आशा निर्माण झाली होती. बोंडअळीपुरती ती आशा काही वर्षे खरीही ठरली. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी या रसशोषक किडींवर बीटीचा उपाय चालत नाही; आणि पुढे शेंदरी बोंडअळीनेही या वाणांना दाद देण्याचे नाकारले. पंप पुन्हा पाठीवर चढला. श्रावण-भाद्रपदात या जिल्ह्यातील कोणत्याही शिवारातून जावे, औषधाचा उग्र दर्प वाऱ्यावर येतोच.

विष शरीरात शिरते कसे

फवारणीचे विष तोंडावाटे किंवा नाकावाटेच शरीरात जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः शेतावर विषाचा सर्वांत रुंद दरवाजा म्हणजे माणसाची त्वचा. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे कातडीतून सहज शोषली जातात. सर्व अंगाची कातडी सारखीही नसते. कोपरापुढच्या हातापेक्षा कपाळाची आणि त्याहूनही जांघेजवळची कातडी अनेक पटींनी अधिक विष शोषून घेते. आता गळक्या पंपाची कल्पना करावी. झाकण सैल आहे, वॉशर झिजला आहे, नळीचा सांधा पाझरतो आहे. तेथून निघालेला ओघळ पाठीवरून कमरेकडे आणि कमरेवरून जांघेकडे जातो. घामाने भिजलेला सदरा तो ओघळ तासन्‌तास अंगाला चिकटवून ठेवतो. ज्याला आपण ‘पंप थोडा गळतो’ असे म्हणून सोडून देतो, तो दोष असा शरीराच्या नेमक्या नाजूक भागी विष पोहोचवीत असतो.

ही औषधे शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या विकराचे कार्य बंद पाडतात. मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना मिळणारा संदेश वेळीच थांबवणे हे या विकराचे काम. ते थांबले म्हणजे लाळ, घाम व अश्रू अनावर होतात, मळमळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत दाटून येते, स्नायू फडफडू लागतात. प्रारंभीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असल्याने ‘ऊन लागले असेल’ म्हणून माणूस झाडाखाली बसतो व पुन्हा कामाला लागतो. विकराची पातळी पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे आज थोडे, परवा थोडे असे शरीरात गेलेले विष एखाद्या दिवशी एकदम आपले स्वरूप दाखवते. काल सोसले म्हणून आज सोसेल, हा हिशेब येथे उलटा पडतो.

पंप पाठीवर घेण्यापूर्वी

पंप चालवण्याचे नियम अवघड नाहीत. पहिला नियम असा की टाकीत औषध टाकण्यापूर्वी साधे पाणी भरून पंप चालवून पाहावा. झाकण, वॉशर, नळीचे सांधे, कळ आणि नोझल यांतून कोठे गळती आहे हे पाण्यानेच उघड व्हावे. पाण्याची गळती दुरुस्त करायला फार तर थोडे पैसे पडतात. औषधाची गळती रुग्णालयात दुरुस्त करावी लागते. दुसरे असे की औषध मापानेच घ्यावे, बादलीत थोड्या पाण्यात काठीने ढवळावे, टाकी अर्धी पाण्याने भरल्यावर ते गाळणीतून ओतावे व मग उरलेले पाणी घालावे. हाताने ढवळण्याची पद्धत सर्वथा सोडून द्यावी, कारण पाणी मिसळण्यापूर्वीचे औषध फवाऱ्यातील औषधापेक्षा शेकडो पटींनी तीव्र असते. टाकी काठोकाठ भरू नये. वाकताच झाकणातून औषध उसळते ते मानेवर.

फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वारा मंद असताना करावी आणि फवारा आपल्यापासून दूर वाहून जाईल अशा रीतीने चालावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, टोपी, चष्मा, औषध आत न शोषणारे हातमोजे, बूट आणि योग्य मुखवटा हा किमान वेष झाला. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाच्या धुक्याने ओला झाला की संरक्षण करण्याऐवजी विषाच्या पोटिसासारखा नाकाला चिकटून राहतो. काम चालू असताना तंबाखू मळणे व बिडी ओढणे टाळलेच पाहिजे, कारण हातावरील औषध थेट तोंडात जाण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.

नोझल तुंबले की ते काढून तोंडाने फुंकण्याची सवय तर सर्वत्र आढळते. ही फुंकर जिवावर बेतू शकते. नोझल उघडण्यापूर्वी पंपातील दाब आधी सोडावा, अन्यथा औषधाची चिळकांडी थेट डोळ्यांत जाते. मग ते पाण्याने धुऊन मऊ ब्रशाने वा गवताच्या काडीने साफ करावे. तारेने टोचू नये. तारेने छिद्र मोठे होते, थेंब जाड पडतात आणि औषध अधिक वाहते. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक द्रव बाहेर पडू लागला की नोझल बदलावे असा संकेत आहे. काही रुपयांचे नोझल वाचवण्यासाठी दर फवारणीला दशांश औषध अधिक खर्चणे याला काटकसर म्हणता येणार नाही.

सहा लिटरांचे गणित

आता पंप धुण्याकडे वळू. फवारणी संपली तरी टाकीच्या तळाशी, नळीत आणि दांडीत मिळून काही औषध शिल्लक राहतेच. ते २०० मिलिलिटर आहे असे धरू आणि धुण्यासाठी आपल्याजवळ सहा लिटर पाणी आहे असे समजू. ते सारे पाणी एकदम ओतून, हलवून, नोझलमधून बाहेर काढले तर उरलेल्या द्रावणाची तीव्रता मूळच्या सुमारे एकतिसाव्या हिश्श्यावर येते. परंतु तेच सहा लिटर पाणी दोन-दोन लिटर करून तीन वेळा वापरले तर प्रत्येक वेळी तीव्रता अकराव्या हिश्श्यावर येते. तीन वेळा मिळून ती मूळच्या एक हजार तीनशे एकतिसाव्या हिश्श्यावर येते. पाणी तेवढेच आणि परिणाम मात्र चाळीसपटींहून अधिक. तीनदा धुवा, असा जो नियम जगभर सांगितला जातो त्यामागे हे शालेय गणित आहे. गणिताच्या शिक्षकांना अपूर्णांकांच्या गुणाकारासाठी याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रत्येक वेळी हे पाणी टाकीत हलवून नळी व नोझलमधून बाहेर काढावे आणि ज्या पिकावर फवारणी केली त्याच पिकावर ते फवारून टाकावे. विहिरीच्या काठावर, हातपंपाजवळ, नाल्यात किंवा शेततळ्याच्या बांधावर पंप धुणे म्हणजे एका माणसापुरता असलेला धोका साऱ्या वस्तीला व जनावरांना वाटून देणे होय. शेवटी गाळणी व नोझल काढून वेगळे धुवावे, पंप पालथा घालून सुकवावा आणि धान्य, चारा व मुलेबाळे यांपासून दूर कुलपात ठेवावा. औषधाचा रिकामा डबाही असाच तीनदा धुवावा, ते पाणी पंपातच ओतावे आणि डबा भोके पाडून निकामी करावा. असे डबे पाणी वा तेल साठवण्यासाठी घरात येतात, ही गोष्ट खेड्यात राहिलेल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

यावर एक स्वाभाविक आक्षेप असा घेतला जाईल की जालन्यासारख्या जिल्ह्यात धुण्याला पाणी आणायचे कोठून? २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना ज्यांनी पाहिल्या त्यांना पाण्याची किंमत शिकवण्याचे कारण नाही. तरीही हिशेब करून पाहावा. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले तर सोळा लिटरांचे एकरी साधारण बारा-तेरा पंप लागतात, म्हणजे दोनशे लिटर पाणी एका एकरावर फवारले जाते. दोनशे लिटरांची सोय ज्याने केली त्याला आणखी सहा लिटर, म्हणजे शेकडा तीन, अशक्य नाहीत. शिवाय हे दोनशे लिटर पाणी एका माणसाने, दोनशे किलो ओझे म्हणून, पाठीवरून चिखलात वाहिलेले असते. त्याच्या आंघोळीसाठी एक बादली व साबणाची वडी देणे ही चैन नव्हे.

न धुतलेला पंप केवळ माणसावर नव्हे, पिकावरही सूड घेतो. ऊस, ज्वारी व गहू यांतील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक वापरले जाते आणि कपाशी या तणनाशकाला कमालीची नाजूक आहे. अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठच्या पट्ट्यात ऊस आणि कपाशी शेजारी-शेजारी उभे असतात. उसात वापरलेला पंप नुसता हिसळून कपाशीत नेला की पाने चिंचोळी व वेडीवाकडी होतात, वाढ खुंटते. आणि मालक दोष देतो तो बियाण्याला किंवा दुकानदाराला. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय. ते न जमल्यास पंप धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिजवून पुन्हा पुन्हा धुतला पाहिजे.

हिशेबात नसलेले काम

इतके साधे नियम, इतके स्वस्त उपाय. मग ते पाळले का जात नाहीत? याचे उत्तर मजुरीच्या पद्धतीत दडले आहे. आपल्याकडे फवारणीचे काम बहुधा गुत्त्याने दिले जाते. पंपामागे अमुक रुपये असा दर ठरतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही कार्यानुसार मजुरी होय. या पद्धतीत मजुराला पैसे मिळतात ते रिकाम्या झालेल्या टाक्यांचे. गळका वॉशर बदलण्यात गेलेला वेळ, वारा पडण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ, भर दुपारी घेतलेली विश्रांती आणि शेवटी पंप धुण्यात गेलेला अर्धा तास या साऱ्यांची मजुरी शून्य. ज्या अर्ध्या तासात आणखी एक-दोन पंप मारून रोकड मिळते तो अर्धा तास पंप धुण्यात घालवणारा मजूर आपल्या पोराबाळांच्या तोंडचा घास काढून सुरक्षितता विकत घेत असतो. तो ती घेत नाही, याला निष्काळजीपणा हे नाव देणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही.

बॅटरीच्या पंपाने हा पेच सुटण्याऐवजी वाढला आहे. हापसण्याचे कष्ट वाचले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु हाताच्या दमाबरोबर कामाला जी नैसर्गिक मर्यादा पडत असे ती गेली. दिवसाकाठी पंपांची संख्या वाढली आणि तेवढाच औषधाशी येणारा संबंधही वाढला. यंत्राने वाचवलेले श्रम मालकाच्या व मजुराच्या पदरी नफा म्हणून पडतात, वाढलेला धोका मात्र एकट्या मजुराच्या शरीरात जमा होतो.

याहून अदृश्य असे आणखी एक काम आहे. फवारणीसाठी पाण्याच्या घागरी-कळशा वाहून आणतात त्या बहुधा स्त्रिया, आणि संध्याकाळी औषधाने भिजलेला सदरा घरच्या इतर कपड्यांबरोबर हाताने धुतात त्याही स्त्रियाच. त्यांनी पंपाला हात लावलेला नसतो, म्हणून त्यांना कोणी सावधगिरीची सूचनाही देत नाही. हे कपडे वेगळे ठेवून, हातमोजे घालून, साबणाने स्वतंत्र धुतले पाहिजेत आणि उन्हात वाळवले पाहिजेत. मूळ औषध सांडलेला कपडा तर फेकूनच द्यावा.

कायदा बांधावर थांबतो

येथे कायदा काय करतो असे वाचक विचारतील. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातून झालेल्या चौकशीची परिणती १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात आणि १९७१ च्या नियमांत झाली. संरक्षक कपडे, श्वसनसाधने, कामगारांची वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, एवढेच काय, धुण्याच्या पाण्याची व रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांविषयीही या नियमांत तरतुदी करण्यात आल्या. बाटलीवर विषाची तीव्रता दाखवणारा लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोणही या नियमांनीच दिला. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ३८ ने स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर केलेला औषधाचा वापर कायद्याच्या कक्षेतून वगळला. साध्या भाषेत सांगायचे तर कारखान्यात आणि गोदामात मजुराच्या अंगावर हातमोजे आहेत की नाहीत हे पाहणारा कायदा शेताच्या बांधावर येऊन थांबला. लहान शेतकऱ्याला सरकारी निरीक्षकाचा जाच होऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्या सवलतीच्या सावलीत शेतकऱ्याच्या पदरी राबणारा मजूरही कायद्याच्या संरक्षणाबाहेर फेकला गेला.

दुर्घटना घडल्यानंतरची स्थितीही फारशी वेगळी नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची मदत आहे. परंतु ही योजना वहितीधारक खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. सातबारावर ज्याचे वा ज्याच्या घरच्यांचे नाव नाही त्या भूमिहीन मजुराचा पंप तोच, औषध तेच, शरीरही तेच. फक्त नाव वेगळ्या रकान्यात. सामाजिक परिव्यय म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावताना कारखान्याच्या धुराचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी चिमणी शोधण्याची आवश्यकता नाही.

उपाय कोणाच्या हाती

सर्वांत मोठा उपाय म्हणजे फवारणीची संख्याच कमी करणे. कीड दिसली की फवारणी, हा आचार सोडून आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणी, हे कृषिशास्त्राचे तत्त्व अंगीकारले पाहिजे. उदाहरणार्थ, शेंदरी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तर ती पातळी गाठली असे मानतात. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांसारख्या संस्था असा सल्ला देण्यासाठीच आहेत. औषध निवडायचेच तर लाल-पिवळ्या त्रिकोणाऐवजी निळ्या-हिरव्या त्रिकोणाचे निवडावे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली स्वीकारलेल्या आणि पुढे सुधारलेल्या आचारसंहितेत असे म्हटले आहे की ज्या औषधांसाठी अवजड, महाग व उष्ण हवेत असह्य होणारा वेष लागतो ती औषधे उष्ण कटिबंधातील लहान वापरकर्त्यांनी टाळावीत. भाद्रपदाच्या उकाड्यात रबरी वेष घालून कपाशीत चालून पाहिलेल्या कोणालाही ही शिफारस पटेल.

दुसरा उपाय मात्र शासनाच्या आदेशावाचून, आजच्या आज अमलात येऊ शकतो, आणि त्याचा संबंध या पानाच्या वाचकांशी आहे. शिक्षक, प्राध्यापक, कारकून, बँकेतील कर्मचारी अशा शहरात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची शेती गावाकडे आहे. ती बटाईने किंवा सालगड्याकरवी चालते. आपण रविवारी चक्कर टाकतो, अन्यथा दूरध्वनीवरून ‘उद्या फवारणी उरकून घ्या’ असा निरोप देतो. त्या निरोपाचे मालक आपण आहोत, म्हणून त्या पंपाचे मालकही आपणच आहोत. औषधाची किंमत आपण घासाघीस न करता मोजतो. पंपामागच्या दरात मात्र एक-दोन रुपयांसाठी अडून बसतो.

अशा प्रत्येक मालकाने यंदापासून एक साधी प्रथा सुरू करावी. दिवसाचे जितके पंप झाले असतील त्यांत आणखी एका पंपाची मजुरी मिळवावी. हा शेवटचा पंप स्वच्छ पाण्याचा. त्यात टाकी, नळी व नोझल तीनदा धुऊन व्हावे, हातमोजे काढण्यापूर्वी धुतले जावेत आणि मजुराने साबण लावून आंघोळ करून घरी जावे. बारा पंपांच्या कामावर एका पंपाची वाढ म्हणजे मजुरीत शेकडा आठ-सव्वाआठची भर. एका फवारणीच्या औषधाचे बिल ज्याने भरले आहे त्याला ही रक्कम डोईजड होणार नाही. हातमोजे, चष्मा, मुखवटा, जादा वॉशर आणि नोझल हेही पंपासोबत मालकाने द्यावयाचे. नांगर मालकाचा असतो आणि फाळ मजुराने आणायचा, असे कधी होत नाही. एकदा ही प्रथा चार घरांत रूढ झाली की ती गावाचा रिवाज बनते, आणि रिवाजाला निरीक्षक लागत नाही.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा वेगळी आहे. आपल्या महाविद्यालयांतील कित्येक मुले सुटीच्या दिवशी स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शेतात पंप उचलतात. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्याबरोबर एक संध्याकाळ पंपाच्या धुलाईच्या प्रात्यक्षिकाला देता येईल. टाकीत रंगीत पाणी भरावे. एकदा सहा लिटरांनी आणि दुसऱ्यांदा दोन-दोन लिटरांनी तीनदा धुऊन दाखवावे. दोन बाटल्यांतील रंगाचा फरक भाषणापेक्षा अधिक बोलका ठरेल. ग्रामपंचायतींनाही विहिरी-नाल्यांपासून दूर अशी पंप धुण्याची एखादी जागा आणि निकामी डबे गोळा करण्याची सोय करणे कठीण नाही.

आणि तरीही विषबाधा झालीच तर? प्रथम काम थांबवावे, अंगावरचे कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे, डोळ्यांत औषध गेले असल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहावे. दूध, तूप वा मिठाचे पाणी पाजण्याचे घरगुती उपाय करू नयेत. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील लेबल सोबत न्यावे. कोणते विष गेले हे कळले तर ॲट्रोपिनसारखा उतारा देण्यात वेळ जात नाही. न कळल्यास डॉक्टरांना केवळ लक्षणांवरून तर्क करावा लागतो.

यंदाच्या हंगामाच्या अखेरीस कापसाला काय भाव मिळाला, एकरी किती क्विंटल पडला आणि औषधावर किती खर्च झाला, यांचे हिशेब घरोघरी मांडले जातील. त्या वहीत ‘शेवटचा पंप’ अशी एक ओळ असावी आणि तिच्यापुढे काही रुपये लिहिलेले असावेत, एवढीच अपेक्षा आहे. ती रक्कम खर्चाच्या बाजूला पडेल हे खरे. परंतु ज्याच्या पाठीवरून आपल्या एकराचे दोनशे लिटर पाणी वाहून गेले तो पुढच्या श्रावणातही धडधाकट पायांनी शिवारात येईल, ही त्या खर्चाची जमेची बाजू होय.